'अपवादाने नियम सिद्ध होतो' म्हणे! तो कसा काय?

खोडरबर:
आमचे मामा दरवर्षी छातीठोकपणे सांगतात, "सात जूनला मृग लागला की पाऊस येणार म्हणजे येणारच." २०२५ मध्ये तो मुंबईत २६ मेलाच येऊन थडकला. फोन करून चिडवलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "अरे, अपवादाने नियम सिद्ध होतो!" यावर माणसाने काय बोलावं?

हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय, की 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'वरून ते आलंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या मते ही हरणाऱ्याची पळवाट आहे. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की इथे 'प्रूव्ह' म्हणजे कसाला लावणं. बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरातलं 'प्रूव्ह ऑल थिंग्ज' म्हणजे सगळं पारखून घ्या. छापखान्यातलं प्रूफ आठवा. तो काही पुरावा नसतो, चुका शोधायला काढलेला कागद असतो. तेव्हा खरा अर्थ 'अपवाद नियमाची परीक्षा घेतो'. मामा नापास.

तारखेवर_तारीख:
मामा नापास, मान्य. पण तुमची परीक्षाही नापास. 'प्रूव्ह'चा तो जुना अर्थ खरा आहे, पण हे वाक्य तिथून आलेलं नाही. ते आमच्या कोर्टातलं आहे. लॅटिनमध्ये पूर्ण रूप असं: 'एक्सेप्शिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्तिस'. काही बाबी मुद्दाम वगळल्या, यावरूनच कळतं की न वगळलेल्यांना नियम लागू आहे. पुढे शेपूट गळालं आणि अर्थाचा विचका झाला.

युक्तिवाद सिसेरो या रोमन वकिलाचा, इ.स.पू. ५६ मधला. अशील बाल्बुस, स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिसचा. रोमन सेनापती पाँपेने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं आणि विरोधकांना ते बेकायदा ठरवायचं होतं. रोमने काही जमातींशी केलेल्या तहांत 'यांच्यापैकी कुणाला नागरिक करून घेऊ नये' असं स्पष्ट कलम होतं. सिसेरो म्हणाला, तिथे मनाई लिहावी लागली, म्हणजे जिथे ती लिहिलेली नाही तिथे मुभा आहेच. बाल्बुस सुटला.

रोम लांब वाटत असेल, तर आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची टपरी घ्या. फळीवर खडूने दोनच शब्द: 'सोमवारी बंद'. बाकीचे सहा दिवस उघडी असते असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी मंगळवारी आपण गाठोडं घेऊन जातोच ना? अपवादाने नियम सिद्ध झाला तो असा.

कैरीचं_लोणचं:
किती कीस पाडाल! शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात, सिसेरो नाही. 'राजीनामा' म्हणजे मुळात राजीखुशीचा कागद. आज नाराज होऊन दिला तरी तो राजीनामाच.

आमच्या घरी सगळे सूर्यवंशी, एकटी आजी पहाटे पाचला उठून कडी वाजवते. ती उठते म्हणून तर बाकीचे किती लोळतात ते डोळ्यांवर येतं. अपवाद नजरेत भरतो, कारण मागे नियम आहे. लोक याच अर्थाने बोलतात आणि तो सगळ्यांना कळतो. मग चूक कुठे आहे?

खोडरबर:
राजीनाम्याला दाद! पण आजी नियम दाखवून देते, सिद्ध करत नाही. उद्या काका आणि काकूही पाचला उठायला लागले तर? कितव्या अपवादाला नियम मोडला म्हणायचं?

दुर्बीण:
ते आधी कळत नाही, हीच तर गंमत आहे. युरेनस गणिताप्रमाणे चालेना. न्यूटन चुकला का? ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने मानलं, की नियम ठीक आहे, पलीकडून कुणीतरी युरेनसला ओढतंय. त्याने जागा काढून दिली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत तिथून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. इथे मामा जिंकले.

मग बुधाची कक्षाही हिशोबात बसेना. याच गृहस्थाने तीच युक्ती लावली: सूर्याजवळ 'व्हल्कन' नावाचा ग्रह असणार. लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले. ग्रह नव्हताच. फरक होता शतकामागे जेमतेम ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), आणि तो जुळला १९१५ मध्ये, आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडल्यावर. माणूस एक, युक्ती एक. एकदा नियम तरला, एकदा बुडाला.

शेंडीला_गाठ:
लॅटिनपर्यंत कशाला जाता? पाणिनी आहे की घरचा. 'इको यणचि': इ-पुढे स्वर आला की य, म्हणून इति + आदि = इत्यादि. पण पुढचा स्वरही इ किंवा ई असेल, तर 'अकः सवर्णे दीर्घः'. म्हणून रवि + इंद्र = रवींद्र; 'रव्यिंद्र' म्हणून पाहा, जीभ अडखळेल. सर्वसाधारण नियम तो उत्सर्ग. अपवादाची हद्द आधी आखायची, उरलेलं सगळं रान उत्सर्गाचं. काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळ्यांच्या 'परिभाषेन्दुशेखर' या व्याकरणग्रंथात ही परिभाषा, म्हणजे सूत्रं कशी लावायची ते सांगणारा नियम, आहे. वकीलसाहेब म्हणतात तेच.

तारखेवर_तारीख:
अगदी तेच. फक्त पाणिनीने अपवाद स्वतः लिहून ठेवलाय. मामांचा पाऊस कुणी वगळला होता?

कैरीचं_लोणचं:
म्हणजे मामांनी आधीच म्हणायला हवं होतं, 'सात जूनला येतो, २०२५ सोडून' 😄

खोडरबर:
आत्ताच मामांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवत होतो. बाल्बुस ऐकून घेतला, रवींद्रावर खूश झाले. नेपच्यूनला मात्र मला मधेच थांबवलं: "बघ, तेच म्हणतोय मी! पाऊस बरोबरच होता, पलीकडून कुणीतरी ओढला त्याला." बुधाचं काय झालं ते सांगायच्या आत फोन ठेवला.