आईच्या वर्षाच्या मिस्सेसाठी चार पानं लिहायचीत – काय ठेवू, काय गाळू?

तापीकाठची लेक

नमस्कार मंडळी. मी जळगावला शाळेत शिकवते, माहेर भुसावळ. गेल्या वर्षी आई गेली, ८१ वर्षांची होती. आम्ही कॅथलिक, पुढच्या महिन्यात तिच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आहे. त्या दिवशी नातवंडांच्या हातात द्यायला चार पानांची पुस्तिका छापायचं ठरलंय. मोठ्या भावाने मजकूर लिहूनही टाकला: "जन्म १९४३, हरेगाव. विवाह १९६४. तीन मुलं, सात नातवंडं. अत्यंत भाविक, मायाळू, कष्टाळू. प्रभूच्या चरणी विसावली."

यात खोटं काहीच नाही. पण हाच कागद आमच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली चिकटवा, चालून जाईल. आई त्यात नाही.

म्हणून मला आठवतं ते इथे टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई नगर जिल्ह्यातली. मतमाऊलीच्या यात्रेचं हरेगाव, तेच तिचं गाव. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात होते. लग्न होऊन बेलापूर स्टेशनावर गाडीत बसली, मनमाडला बदलली आणि भुसावळला उतरली ती मे महिन्यात. पुढे साठ वर्षं सांगायची, "गाडीतून पाय खाली ठेवला आणि वाटलं, कुणी भट्टीचं दार उघडं टाकलंय." दादा (आमचे वडील) मालगाडीवर गार्ड. मालगाडीला वेळापत्रक नसतं, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. रात्री दोनला कॉलबॉय ड्युटीचा निरोप घेऊन सायकलवर यायचा, वही पुढे करायचा, दादा सही करायचे. आई तोवर स्टोव्ह पेटवून पिठलं टाकायची. दादांच्या लोखंडी पेटीच्या झाकणाला आतून तिने मरियामातेचं पदक चिकटवलं होतं. ते निघाले की ती झोपायची नाही. अंदाजाने यार्डाकडे कान लावून बसायची, शिट्टी झाली की जपमाळ हातात घ्यायची. गाडी दादांचीच होती की दुसऱ्या कुणाची, हे तिला कळायचं कसं, देव जाणे. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "ज्याची असंल त्याला लागू पडंल."

तिची भक्ती अशी कामात मिसळलेली. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालताना एक बाई पळी फिरवायची, एक कापड ओढायची, आई मनात 'नमो मरिये' ही जपमाळेतली प्रार्थना म्हणत थाप द्यायची. दूध उतू गेलं की छातीवर तीनदा मूठ मारून "मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा"! लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकलेली, 'माझा अपराध' हा त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली, मिस्सा हळूहळू मराठीत आली. तिला आनंद झाला, पण दुधासाठी लॅटिनच राहिली. आम्हा पोरांना कितीतरी वर्षं वाटत होतं की दूध सांडल्यावर म्हणायचा हा मंत्रच आहे.

२००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे जप करताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग, नव्याने घातली. तोवर आनंदाची, दुःखाची, गौरवाची अशी पंधरा. आई साठीला टेकलेली. फादरांना तोंडावर म्हणाली, "आता या वयात पाठांतर?" आणि घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाचही लिहून काढली. फळीला टाचली. दर गुरुवारी चष्मा लावून वाचायची. दोन-अडीच महिन्यांनी कागद काढून टाकला, त्यावर मेथी निवडली.

आता खरी अडचण.

शेजारी एक लेवा पाटील कुटुंब होतं. त्यांच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशातली देवी बसायची. आई आदल्या दिवशी त्यांचा गहू निवडायला जायची. रविवारी रात्री उंबऱ्याच्या आत जाऊन पाटावर बसायची, गाणी ऐकायची. आरतीला उभी राहायची पण ताम्हन घ्यायची नाही. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खातात, बाहेर देत नाहीत. तसंच नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला त्या काकू आमच्यासोबत चर्चला यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या, पण ख्रिस्तप्रसाद त्यांना मिळायचा नाही. एकदा चर्चमधून परत येताना काकू म्हणाल्या, "तुमचा प्रसाद आम्हाले नाही, आमचे रोट तुम्हाले नाही. झालं की वं बरोबर!" दोघी रस्त्यात इतक्या हसल्या की दादांना थांबावं लागलं.

मोठा भाऊ म्हणतो, हा प्रसंग छापू नको. फादरांसमोर वाचला जाईल, लोक काय म्हणतील, आईच्या श्रद्धेवर बोट येईल. धाकटा म्हणतो, छाप पण "कानबाई" शब्द काढ, "शेजाऱ्यांचा सण" लिही. मला दोन्ही पटत नाही.

दुसरं, तिची माळ. तिसऱ्या रहस्यात दहाऐवजी नऊच मणी आहेत. एक कधीतरी फुटला. दहावी नमो मरिये ती अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवून म्हणायची आणि पुढे सरकायची. माळ मोठ्या भावाच्या मुलीला द्यायची आहे. वहिनी म्हणते, आधी मणी बसवून घेऊ, तुटकी वस्तू पोरीला कशी द्यायची? तुमचं काय मत?

वसईकर

ताई, आधी तुमच्या मोठ्या भावाच्या बाजूने बोलतो, कारण इथे सगळे त्याच्यावर तुटून पडतील. अल्पसंख्य माणसाला कायम सिद्ध करत बसावं लागतं, तिकडच्यांनाही आणि आपल्यांनाही. वसईत आम्ही गावेच्या गावे कॅथलिक, आम्हाला ती धास्ती कमी. भुसावळात चार घरं असतील तर माणूस जपून लिहिणारच.

तरीही प्रसंग गाळू नका. तुमच्या आई ताम्हन घेत नव्हत्या, यातच सगळं आलं. कुठे जायचं, कुठवर जायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि त्या चुकल्याही नाहीत. भावाला सांगा, १९६५ च्या ऑक्टोबरात त्याच व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' नावाची घोषणा काढली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असा तिचा आशय. फादरांना हे नक्की माहीत असणार. छापायच्या आधी ते पान त्यांना दाखवा, म्हणजे भावाची धास्तीही जाईल.

"शेजाऱ्यांचा सण" मात्र लिहू नका. मग ती कुठलीही बाई आणि कुठलाही सण होतो.

माळेबद्दल: मणी बसवला म्हणून माळेवरचा आशीर्वाद जात नाही. अगदीच वापरण्याजोगी उरली नाही तर पुरतात किंवा जाळतात, कचऱ्यात टाकत नाहीत. नियमाचं एवढंच. बसवायचा की नाही हा नियमाचा प्रश्न नाही.

नवापूरचा मास्तर

आम्ही प्रोटेस्टंट. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनचं काम होतं, नवापूर-चिंचपाडा भागात बहुतेक ख्रिस्ती लोक त्या परंपरेतले. बाहेरचे लोक आम्हा सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात, म्हणून पुस्तिकेत मिस्सा, जपमाळ वगैरे शब्द आले की कंसात समजावत बसू नका. वाक्यच असं करा की कळेल. तुमच्या वरच्या लिखाणात मला एकदाही अडलं नाही, आणि आमच्याकडे जपमाळ नाही.

माझ्या आजीची माळ म्हणजे तिचं बायबल. दुःखाच्या ठिकाणी ती पेन्सिलीने रेघ मारायची. पण कुठलं दुःख, ते लिहायची नाही. ती गेल्यावर आम्ही भावंडं बसलो आणि रेघा बघून तर्क करत होतो, ही काकाची, ही दुष्काळाची. निम्म्या रेघांचा पत्ता लागला नाही. तुम्ही तरी नातवंडांना पत्ता देऊन ठेवा. नऊ मण्यांची गोष्ट छापा.

रिटायर्ड_ड्रायव्हर

कॉलबॉय वाचून डोळ्यांत पाणी आलं. ती वही, ती सायकलची घंटी. आम्ही क्वार्टरमधली हिंदू पोरं २४ डिसेंबरला रात्री चर्चला जायचो ते केकसाठी. मिस्सा संपेस्तोवर झोपून जायचो आणि केक दुसऱ्या दिवशी शिळा मिळायचा. गोव्याच्या लोकांच्या घरी कुलकुल, दोदोल असं नाताळचं गोडधोड असायचं. तुमच्या आई नगरच्या, त्या काय करायच्या?

आणि एक सांगतो, राग नका मानू. वरती लिहिलंय त्यात आई फार गोड आहे. रेल्वे कॉलनीत साठ वर्षं काढलेली बाई नुसती गोड असू शकत नाही. नळावर भांडलेली कुठे आहे?

जामनेरवाली

त्यापेक्षा एक व्हिडिओ करा. फोटो लावा, मागे गाणं. आजकाल कोण वाचतं?

तापीकाठची लेक

जामनेरवाली ताई, व्हिडिओ भाचा करतोयच, त्यात माझा इलाज नाही.

रिटायर्ड ड्रायव्हर काका, राग कसला, बरोबर पकडलंत. आधी सोपं उत्तर: कुलकुल तिने समोरच्या गोव्याच्या बाईकडून शिकून घेतले, नव्या कंगव्यावर दाबून. दोदोल कधी जमलं नाही, प्रत्येक नाताळला कढईला चिकटायचं आणि प्रत्येक नाताळला ती करायची. बाकी करंज्या, आणि ताटं भरून पूर्ण गल्लीत. परत येणाऱ्या ताटात बिबडे नाहीतर केळीचे वेफर्स.

आता नळावरची. आई भांडायची. चांगली भांडायची. आणि एक भांडण सहा वर्षं चाललं. आत्याशी, म्हणजे दादांच्या बहिणीशी. आजी वारल्यावर तिचा तांब्याचा हंडा कुणाकडे जायचा यावरून. हंडा आमच्या घरी राहिला, आत्या यायची बंद झाली. चर्चमध्ये एक डाव्या बाजूच्या बाकांवर, एक उजव्या. मिस्सेत एकमेकांना शांतीचं चिन्ह देताना आई मागच्या रांगेत वळायची पण उजवीकडे मान फिरवायची नाही. महिन्यातून एकदा पापनिवेदनाला जायची ती जायचीच. मला तेव्हा बारा-तेराव्या वर्षी प्रश्न पडायचा, आत जाऊन सांगते तरी काय? हंडा सोडून बाकी सगळं?

मग एका ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी असतो त्या दिवशी, ती मिस्सेहून आली, हंडा चिंचेने घासला, लख्ख केला आणि दादांच्या सायकलला मागे बांधायला सांगितला. दादा म्हणाले, उद्या गुड फ्रायडे, मग ईस्टर झाल्यावर जाऊ. ती म्हणाली, "सायकल धरा." दोघं चालत गेले, हंडा सायकलवर. तिथे काय बोलणं झालं ते दोघींनी कधीच कुणाला सांगितलं नाही. येताना मात्र हंडा परत आमच्याच घरी आला, आत शेवभाजीचा डबा. आत्याने ठेवून घेतला नाही. तो हंडा आता माझ्याकडे आहे आणि खरं सांगू का, धाकट्या वहिनीला तो हवाय. मी अजून देत नाहीये.

हे छापणार आहे. माझा भाग वगळून.

वसईकर सर, तुमचं म्हणणं मोठ्या भावाला वाचून दाखवलं, "अल्पसंख्य माणसाला" इथपासून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पान फादरांना मी दाखवतो, तू नको. काल दाखवून आला. फादर वाचून हसले म्हणे, आणि काकूंची सून अजून तिथेच राहते का, असं विचारलं. मिस्सेला तिला बोलवायचं ठरलंय. "कानबाई" शब्द राहतोय. भावाने फक्त "रोट" पुढे "प्रसादाचे" हा शब्द टाकायला लावला. ठीक आहे.

१९७२ च्या दुष्काळातल्या मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर मी अर्धं पान लिहिलं होतं, ते मीच काढलं. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, सगळं ऐकीव. मोठ्या भावाला आठवतं, त्याला लिहायला सांगितलंय. तो पहिल्यांदाच स्वतःहून हो म्हणाला.

माळेचं असं झालं. भाचीला विचारलं, तुलाच हवीय ना, तू सांग. ती पुण्याला कॉलेजात असते, जपमाळ म्हणते की नाही याची चौकशी आम्ही करत नाही. तिने फोनवर विचारलं, "आत्या, आजी पेरावर म्हणायची ते करंगळीच्या वरच्या पेरावर की मधल्या?"

मला सांगता आलं नाही. मी रोज बघत होते, साठ फुटांवरून नाही, शेजारी बसून, आणि आठवत नाही. भावांनाही नाही. कुणाच्या घरी आईचा माळ जपतानाचा जुना फोटो असेल, १९९० च्या आधीच्या लग्ना-बारशातला, भुसावळच्या क्वार्टरमधला, तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. डाव्या हाताची बोटं दिसायला हवीत.

रिटायर्ड_ड्रायव्हर

माळ डाव्या हातात धरायच्या का त्या? लिहून ठेवलं. आमच्या मोठ्या वहिनीकडे अल्बम आहे, रविवारी बघतो. आणि हंडा देऊ नका.