व्हिसानंतरची खरी अडचण: चारित्र्य दाखला
स्वयंसेवक म्हणून परदेशी जाताना 'व्हिसा हातात पडला की निम्मं काम झालं' असं म्हणतात, ते मला तरी पटलं नाही. निदान जर्मनीत, आणि त्यातही मुलांसोबत काम असेल तर नाहीच. माझी भाची तिकडे सरकारी स्वयंसेवक योजनेतून (तिथे अशा स्वयंसेवकाला 'बुफदी' म्हणतात) एका युवा केंद्रात गेली. केंद्रात पोरांमध्ये बसायच्या आधी तिथल्या केंद्रीय न्याय कार्यालयाचा विस्तारित चारित्र्य दाखला हवा. तो अर्ज राहत्या पत्त्याच्या नागरी कार्यालयात करायचा, म्हणजे आधी पत्त्याची नोंदणी. ही नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. खोली आधी ठरवताना हे पत्र मिळेल का, तेवढं विचारून घ्या. काही मालक टाळाटाळ करतात.

दाखला बॉनहून टपालाने येतो आणि तिथला पोस्टमन टपालपेटीवरचं नाव बघतो. तुमचं नाव तिथे नसेल तर पत्र सरळ परत! पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. शिवाय या दाखल्यात फक्त जर्मनीतली नोंद असते, नवख्या माणसाचा तो कोराच येणार. म्हणून तिच्या केंद्राने भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितलं. ते भारतातून निघण्याआधीच पासपोर्ट सेवा केंद्रातून घेतलेलं बरं, तिकडून काढायचं म्हणजे वकिलातीत खेटे. आणि हो, तिथली युवा केंद्रं बहुतेक दुपारनंतर उघडतात, सकाळ या कामांना मोकळी मिळते.