व्हॉल्व्ह, राग आणि १४ गाथा

बी-२०४: नमस्कार. रविवारी सोसायटीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हवरून वॉचमनमामांना जे बोललो ते चुकलंच. खाली जाऊन माफी मागितली. पण वर्षात हे तिसऱ्यांदा. बायको म्हणते गोळी घ्या, आई म्हणते उपास धर. रागावर बुद्धांचं काही वाचलंय काय कुणी? मोबाइलवर शोधलं तर ढीगभर पुस्तकं, सगळ्यांच्या कव्हरवर कमळ.

सेक्रेटरी: राकसकोप धरणाचं पाणी उद्या सकाळी ६ ला. पुस्तकांचं चालू द्या.

ए-१०१ बाई: कमळाकडं बघू नका. धम्मपद घ्या, बुद्धांच्या वचनांचं पुस्तक. ४२३ गाथा, म्हणजे श्लोक आहेत, पण सगळं संपवायला जाऊ नका. १७वा कोधवग्ग, म्हणजे रागावरचा भाग काढा, अवघ्या १४ गाथा. त्यात २२२वी बघा. उसळलेला राग भरकटलेल्या रथासारखा जो आवरतो तो सारथी, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. शाळेत २९ वर्षं मी लगामच धरला होता, हे निवृत्तीनंतर कळलं.

सी-३०२: लगाम कुठला बाई, माझ्या भावाचा कान धरला होता 😄

बी-२०४: पण बाई, त्या क्षणाला गाथा कुठली आठवणार? जीभ आधी सुटते.

सी-३०२: मग व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान यांचं 'अँगर' वाच. इंग्रजी एकदम सोपं. घर पेटलं तर पेटवणाऱ्याच्या मागं पळू नका, आधी आग विझवा, असं म्हणतात ते. राग म्हणजे रडणारं बाळ, त्याला जवळ घ्यायचं. मी त्यातलं एकच उचललं. साइटवरून फोन वाजला की गॅलरीत जाऊन तीन श्वास, मगच हॅलो. दहात चारदा जमतंय.

बी-२०३ काका: बाळ घ्या की कडेवर! समोरचा चुकला तरी बोलायचंच नाही काय? असली पुस्तकं गरिबाला गप्प बसवायला बरी.

ए-१०४ ताई: काका, मग बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचा. आमचे पप्पा दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, रोज थोडं मोठ्यानं वाचतात. त्यात शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण आहे. दोघांची शेती त्याच नदीवर. सेनापती युद्धाचा ठराव आणतो, सिद्धार्थ भर सभेत विरोध करतो. बहुमत विरोधात गेलं तरी मागं हटत नाही. शेवटी घर सोडतो, पण शस्त्र उचलत नाही. ह्याला गप्प बसणं म्हणता काय?

बी-२०३ काका: म्हणजे तिथंही पाणीच! इकडं म्हादई नदीचं भांडण, खाली व्हॉल्व्हचं.

सी-१०३ अण्णा: आमच्या बसवण्णांनी एका शब्दात सांगितलंय, मुनियबेड. रागावू नको. पुस्तकाचा खर्च नाही.

ए-१०१ बाई: खरं आहे अण्णा. सांगणं सोपं, तिथंच तर सगळं अडतं. शांतिदेव या जुन्या बौद्ध आचार्यांच्या बोधिचर्यावतार ग्रंथाचा सहावा अध्याय सगळा क्षांतीवर, म्हणजे सहनशीलतेवर आहे. काठीनं मारलं तर आपण काठीवर चिडत नाही, मारणाऱ्यावर चिडतो. पण त्यालाही द्वेषच चालवतो, मग चिडायचं तर द्वेषावर चिडा, असा युक्तिवाद. दलाई लामांचं 'हीलिंग अँगर' ह्याच अध्यायावर. मुंडगोडचे तिबेटी मठ बघून आल्यावर मी ते वाचायला घेतलं. पण २०४, तुम्ही हे आधी घेऊ नका. डोकं तापलेलं असताना 'त्याचा तरी काय दोष' असं वाचलं की पुस्तकच भिरकावावंसं वाटतं. मी भिरकावलंय.

ए-१०४ ताई: आणि दादा, वहिनींची गोळी चेष्टेवारी नेऊ नका. झोप लागते काय? बीपी कधी बघितलंय? वॉर्डात रोज बघते मी, चिडचिडीमागं कधी कधी भलतंच काही असतं. डॉक्टरांना भेटा, पुस्तक चालू ठेवा.

बी-२०४: झोप चारच तास होते. उद्याच जातो. बाई, धम्मपद मिळेल काय?

ए-१०१ बाई: संध्याकाळी वर या. पाली आणि मराठी शेजारीशेजारी आहे. कोधवग्गात खानापूरच्या बसचं तिकीट ठेवलंय, ते मात्र हलवू नका.

सेक्रेटरी: बदल. पाणी ५:३० ला. व्हॉल्व्ह कोण उघडणार?

बी-२०४: मी उघडतो. मामांना झोपू दे.

बी-२०३ काका: पूर्ण उघड की. रविवारी अर्धा उघडून गेलेला मीच होतो.