मुंबईत पीएम २.५ ची केंद्रं वाढवायची की काजळी मोजायची?

धूम्ररेषा:
मुंबईत हवा मोजायला पैसा आला की पीएम २.५ चं आणखी एक केंद्र उभं राहतं. माझं म्हणणं, पुढचा पैसा काजळी, म्हणजे ब्लॅक कार्बन मोजण्यावर लावा. पीएम २.५ हे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं नुसतं वजन आहे. त्यात डिझेलची काजळी असते, ती ऊन शोषून हवा तापवते. कोळशातल्या गंधकाचं सल्फेट असतं, ते ऊन परतवून गारवा आणतं. समुद्राचं मीठही असतं. उपाय कशावर करायचा हे वजनावरून कळत नाही.

काजळी मोजायचं यंत्र म्हणजे एथॅलोमीटर. तो फितीवर कण गोळा करून प्रकाशाच्या सात तरंगलांबींवर शोषण मोजतो. ८८० नॅनोमीटरवरून काजळी मिळते. ३७० वर शोषण त्या मानाने खूपच वाढलं तर तो लाकूड-कचऱ्याचा धूर. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना आणि तंदूर भट्ट्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले. त्याचा परिणाम पीएम २.५ च्या गर्दीत हरवतो, ३७० आणि ८८० च्या या तुलनेत दिसू शकतो. शिवाय काजळी हवेत काही दिवसच टिकते, त्यामुळे ती कमी केल्याचा फायदा लवकर मिळतो.

मापपट्टी:
माझा विरोध आहे. आपल्या २००९ च्या मानकांत पीएम २.५ ला दिवसाची ६० आणि वर्षाची ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा आहे. काजळीला मर्यादाच नाही, मग नोटीस कशाच्या आधारावर काढणार?

दुसरं, एथॅलोमीटर काजळी तोलत नाही. शोषणाला ठरलेल्या गुणकाने भागून वजन काढतो. फितीवरचा डाग काळा होत गेला की वाचन उतरतं आणि फीत सरकली की उडी मारतं. नव्या यंत्रात दोन डाग वेगवेगळ्या प्रवाहाने भरून ही चूक काढतात. जुनं यंत्र असेल, तर संध्याकाळच्या वाहतुकीचं म्हणून दिसणारं शिखर फीत सरकल्याचंही असू शकेल.

आहेत ती केंद्रं आधी नीट चालवा. तिथल्या बीटा यंत्राला, म्हणजे बीटा किरणांनी कणांचं वजन काढणाऱ्या यंत्राला, मिनिटाला १६.६७ लिटर हवा लागते. पंप थकून प्रवाह घटला की सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जाड कण वेगळे करणारा भाग, ते अडवत नाही, तेही पीएम २.५ म्हणून मोजले जातात. दर महिन्याला प्रवाह आणि गळती तपासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण आकड्याचा भरवसा त्यावरच उभा आहे.

खाडीवारा:
दोघांनीही बांधकामं सोडली. ऑक्टोबर २०२३ च्या नियमावलीत महापालिकेने बांधकामाच्या जागी सेन्सर लावायला सांगितलं. प्रश्न असा की स्वस्त लेझर सेन्सर जाड धुळीला जवळपास आंधळा असतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, जाड कण आतल्या वळणातून लेझरपर्यंत पोचतच नाहीत, आणि पडद्यावरचा पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा, बारीक कणांवरून केलेला अंदाज असतो. म्हणजे सिमेंट-मातीचा लोट उठला तरी आकडा शांत.

उलट पहाटे आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण पाणी धरून फुगतात आणि काहीच काम चालू नसताना आकडा चढतो. म्हणून सेन्सर आधी केंद्रातल्या खात्रीच्या संदर्भयंत्राशेजारी तीन-चार आठवडे ठेवा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळे, आणि दुरुस्तीच्या सूत्रात आर्द्रता घाला. जागेवर एक सेन्सर वारा येतो त्या बाजूला, एक वारा जातो त्या बाजूला ठेवून फरक वाचा. पीएम १० साठी मात्र पंपाचं यंत्रच लागेल.

मापपट्टी:
आर्द्रतेचं पटलं. बीटा यंत्र हवा तापवून पाणी काढतं. पण जास्त तापवलं तर कणांतलं अमोनियम नायट्रेट उडून जातं आणि हिवाळ्याचा आकडा खोटाच कमी येतो.

उष्णरेघ:
धूम्ररेषा, काजळी घटली की गारवा आला, इतकं ते सरळ नाही. लाकडाच्या धुरात काजळीबरोबर गारवा देणारे सेंद्रिय कणही येतात. डिझेलच्या धुरात काजळीचा वाटा मोठा, म्हणून हवामानाच्या दृष्टीने आधी डिझेल. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालात १७५० पासून २०१९ पर्यंतच्या सगळ्या कणांचा एकत्रित परिणाम वर्गमीटरला उणे १.१ वॅट, म्हणजे एकूण गारव्याचा, दिलाय. फक्त गंधक काढलं तर झाकलेली उष्णता उघडी पडेल. म्हणून गंधक राहू द्या असं कोणी म्हणत असेल तर ते मला अजिबात मान्य नाही; तो गारवा लोकांच्या फुफ्फुसांतून वसूल होतो.

आणि वारा? २०२२-२३ चा हिवाळा ला निनाचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी गार पडण्याचा, सलग तिसरा होता. मुंबईची तेव्हाची वाईट हवा संशोधकांनी वाऱ्यातल्या बदलाशीही जोडली. केंद्रावर वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदली नाही, तर पुढच्या वर्षी आकडा उतरल्यावर श्रेय उपायाचं की वाऱ्याचं, हे ठरवता येणार नाही.

धूम्ररेषा:
गुणकाचा आणि वाऱ्याचा मुद्दा मान्य. म्हणून नवं केंद्र नको. चालू केंद्रातच एक एथॅलोमीटर आणि वारामापक बसवा. दर सहाव्या दिवशी क्वार्ट्झ फिल्टरवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत कार्बन मोजा आणि गुणक मुंबईच्या हवेवरून ठरवा. मर्यादा नाही म्हणून मोजायचं नाही आणि मोजमाप नाही म्हणून मर्यादा नाही, हे चक्र कुठेतरी तोडावंच लागेल.

मापपट्टी:
चालू केंद्रात बसवणार असाल तर विरोध नाही. पण दर सहाव्या दिवशी फिल्टर बदलणाऱ्या माणसाचा पगार यंत्राच्याच निविदेत पाच वर्षांसाठी लिहा. तो नसेल तर मी अजूनही नाहीच म्हणेन.