घरी ऑक्सिजन मशीन आहे, मग बायपॅप कशाला?

सांगलीकर:
वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटर, रात्री बायपॅप 14/5. घरी 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन मशीन) आहेच. रात्री त्याचाच फ्लो 4 वर नेला तर बायपॅपचं भाडं वाचेल का?

रात्रपाळी:
नाही, आणि फ्लोला मनाने हात लावू नका. कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढतं, नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र पदार्थात अडकवतं आणि साधारण 90 ते 95 टक्के ऑक्सिजन नळीत सोडतं. श्वास पेशंटनेच घ्यायचा. छातीचे स्नायू थकले की कार्बन डायऑक्साइड आत साठतो. तो बाहेर काढायला हवा दाबाने ढकलणारं मशीन लागतं. ते काम बायपॅपचं: मास्कमधून श्वास घेताना 14, सोडताना 5 सेंटिमीटर पाण्याइतका दाब. आयसीयूतला व्हेंटिलेटर घशात नळी घालून हेच करतो. मास्क लावूनही कार्बन डायऑक्साइड चढतच राहिला किंवा शुद्ध हरपली, की तिथे जावं लागतं.

सीओपीडीत फ्लो वाढवला की ऑक्सिमीटर 97 दाखवतो, घरचे खूश, आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत असू शकतो. बोटाच्या चिमट्याला तो दिसत नाही, एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणीच करावी लागते. अशा पेशंटला बहुधा 88 ते 92 वर ठेवतात. सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

सांगलीकर:
मग रात्री दोन्ही एकदम कसं लावायचं? आणि लाइट गेली तर?

फ्लोमीटर:
बायपॅप स्वतः ऑक्सिजन बनवत नाही. त्याच्या नळीत ऑक्सिजनचा कनेक्टर बसवून कॉन्सन्ट्रेटरची नळी तिथे जोडतात. आधी बायपॅप सुरू, मग ऑक्सिजन. बंद करताना उलटं. नाहीतर ऑक्सिजन मशीनमध्ये साठतो आणि आगीचा धोका होतो. (खोलीत निरांजन, उदबत्तीही नको.)

फ्लो बघताना डोळा मशीनच्या फ्लोमीटरमधल्या गोळीच्या पातळीवर आणा. गोळीचा मध्य रेघेवर हवा. दिवसा नेझल कॅन्युलावर (नाकातल्या नळीवर) असताना ऑक्सिजन ओला करणाऱ्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले तर नळी कुठे मुडपली आहे ते बघा. बुडबुडे आहेत पण नाकाशी काही येत नाही, तर बहुतेक वेळा बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं. कॅन्युलाची टोकं ग्लासभर पाण्यात धरली की लगेच कळतं.

लाइटसाठी भरलेला बी टाइप सिलिंडर ठेवा. त्यात सुमारे 1500 लिटर असतो, म्हणजे 2 च्या फ्लोवर बारा तास. बायपॅप इन्व्हर्टरवर घ्या. तेही बंद पडलं तर आधी मास्क काढा: दाब नसला की सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते.