मदत हवी आहे: किडनीचा पेशंट, सारखं इन्फेक्शन, जेवण जवळपास बंद, प्रोटीन द्यायचं की नाही?

पाऊसवेडी:
बाबांना किडनीचा आजार आहे, आता परत इन्फेक्शन झालंय, ताप येतो जातो, तोंडाला चव नाही म्हणून दोन घास खाऊन ताट सरकवतात. अल्बुमिन (रक्तातलं प्रोटीन) २.८ आलंय, म्हणजे कमी. आत्ताचे डॉक्टर म्हणतात प्रोटीन वाढवा आणि आमच्या जुन्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलंय की दिवसाला ३५ ग्रॅमच्या वर अजिबात नको. आईने धसका घेऊन अंडं, दूध, डाळ सगळंच बंद केलंय, घरात रोज यावरूनच वादावादी. मला फक्त एवढंच सांगा, प्रोटीन द्यायचं की नाही आणि पावडर कुठली द्यायची? वाचून वाचून डोकं बधिर झालंय, प्रत्येक ठिकाणी वेगळंच. प्लीज लवकर सांगा.

टेकडीवरचा:
अजिबात वाढवू नका. जुनी फाइल बरोबर आहे. माझं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) २.४ आहे आणि प्रोटीन कमी केल्यापासून ते तिथंच टिकलंय. प्रोटीन म्हणजे किडनीवर बोजा, हे साधं गणित आहे. पावडर तर घरातही आणू नका.

पिंपळपान_७:
थांबा थांबा. पाऊसवेडी, बाबा डायलिसिसवर आहेत का? वय किती, वजन किती, शुगर आहे का? आणि इन्फेक्शन म्हणजे नक्की कसलं, लघवीचं, छातीचं, की अजून कसलं? हे कळल्याशिवाय हो किंवा नाही सांगणं धोक्याचं आहे, दोन्ही बाजूंनी.

पाऊसवेडी:
हो, डायलिसिस चालू आहे ना, आठवड्यातून तीनदा. वय ६४, वजन ५८, शुगर नाही. इन्फेक्शन कसलं ते कुणी नीट सांगितलं नाही, अँटिबायोटिकचा कोर्स दिला, तो संपला की परत ताप. ताप तरी फार नसतो, शंभरच्या आसपास, पण हुडहुडी भरते. माझा प्रश्न प्रोटीनचा आहे.

स्वच्छंदी:
डायलिसिस चालू आहे ना, मग पिशवीतलं पाणी गढूळ येतंय का ते आधी बघा! आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि त्यातून अक्षरं वाचता येतात का बघायचं, धूसर दिसली की पिशवी तशीच घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं. पोटात इन्फेक्शन झालं की प्रोटीनसुद्धा त्या पाण्यातून जास्त वाहून जातं, एरवीसुद्धा दिवसाला ५ ते १५ ग्रॅम जातच असतं.

पाऊसवेडी:
ताई, पोटात पिशवीतलं पाणी सोडून करतात ते नाही, मशीनवरचं डायलिसिस आहे.

तिसरी_पाळी:
मी स्वतः मशीनवर आहे, बरीच वर्षं झाली, म्हणून विचारतो आणि याचं उत्तर आधी द्या. सुई हातातल्या फिस्टुलाला, म्हणजे ऑपरेशनने जोडलेल्या शिरेला, लावतात की मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, आहे? आणि हुडहुडी कधी भरते, घरी कधीही, की मशीन सुरू झाल्यावर?

पाऊसवेडी:
मानेत आहे. फिस्टुला केलाय पण अजून तयार झाला नाही म्हणाले. हुडहुडी बहुतेक मशीनवर असतानाच भरते, सुरू केल्यावर थोड्या वेळाने. तिथला एसी फार असतो म्हणून आम्ही जाड ब्लँकेट नेतो.

तिसरी_पाळी:
एसी नाही हो. कॅथेटर असलेल्या माणसाला मशीन सुरू झाल्यावर हुडहुडी भरते म्हणजे कॅथेटरमधले जंतू रक्तात जातायत असंच आधी धरायचं, नसेल तर उत्तमच, पण धरायचं तेच. पुढच्या पाळीपर्यंत थांबू नका, आजच युनिटला फोन करा आणि रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ती तपासणी, झालंय का ते विचारा. कल्चर न करता गोळ्यांचा कोर्स दिला की ताप दबतो आणि कोर्स संपला की परत येतो, तुमचं वर्णन अगदी तसंच आहे. मानेतली जागा बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून फसू नका, बाहेर काही नसताना आत असू शकतं. आणि आपल्या डायलिसिसवाल्यांचं अंग मुळातच जरा गार असतं, शंभर म्हणजे किरकोळ ताप असं समजू नका. फिस्टुलाच्या मानाने कॅथेटरमध्ये इन्फेक्शनचा धोका कितीतरी जास्त, म्हणून फिस्टुला का तयार होत नाहीये याचाही पाठपुरावा करा, सर्जनला परत दाखवा. तिथे लोहाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही विचारा, अंगात इन्फेक्शन असेपर्यंत ते सहसा थांबवतात.

आहारवाली:
तिसरी_पाळी यांना पूर्ण अनुमोदन, फोन आधी, जेवण नंतर. मी आहारतज्ज्ञ आहे, किडनीच्याच पेशंटसोबत काम करते.

आता प्रोटीनचं. ती ३५ ग्रॅमची चिठ्ठी डायलिसिस सुरू होण्याआधीची असणार. किलोमागे ०.६ ग्रॅम धरलं तर ५८ किलोला साधारण ३५ येतात, म्हणजे तेव्हा कुणीतरी व्यवस्थित हिशोब करूनच लिहिलं होतं. पण डायलिसिस सुरू झालं की हिशोबच उलटतो. मशीनवरच्या एका सेशनमध्ये ६ ते १२ ग्रॅम अमायनो आम्लं रक्तातून निघून जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, बाबांना ५८ ते ७० ग्रॅम. त्यात इन्फेक्शन असलं की शरीर स्वतःचे स्नायू तोडायला लागतं. अशा वेळी डायलिसिसवर नसलेल्या पेशंटलासुद्धा कडक लो-प्रोटीन आहारावर ठेवत नाहीत. तेव्हा आईंना सांगा, ती चिठ्ठी चुकीची नव्हती, तिची वेळ संपली. चिठ्ठी चूक होती म्हणालात तर त्यांना वाटेल आपण इतके दिवस घातलं ते सगळं वाया गेलं, आणि त्या अजूनच घाबरतील.

फक्त प्रोटीन वाढवून भागत नाही, कॅलरी पण लागतात, किलोमागे २५ ते ३५. पोटात कॅलरी नसल्या तर खाल्लेलं प्रोटीन जळणासाठीच खर्च होतं.

टेकडीवरचा:
मॅडम, प्रोटीन वाढवलं की फॉस्फरस आणि पोटॅशियम वाढणार, त्याचं काय? पोटॅशियमने हृदय बंद पडतं, स्नायू नंतर कमावता येतील.

आहारवाली:
पोटॅशियमची भीती खरी आहे, नाकारत नाही. म्हणूनच प्रोटीन कशातून घ्यायचं हे बघायचं. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस जवळपास नाहीच. फॉस्फरस खरा वाढतो तो पाकीटबंद पदार्थांतल्या फॉस्फेटने, तो जवळजवळ पूर्ण शोषला जातो, डाळीतला त्या मानाने बराच कमी. उलट उपाशी ठेवून पोटॅशियम हमखास कमी होतं असंही नाही, स्नायू तुटले की त्यातलं पोटॅशियम रक्तातच येतं. आणि तुमचं क्रिएटिनिन २.४, तुम्ही डायलिसिसवर नाही, तुमचा आहार तुमच्यासाठी बरोबरच आहे. तो यांना लावू नका एवढंच.

पाऊसवेडी, शेवटचे रिपोर्ट टाका: पोटॅशियम, फॉस्फरस, युरिया, सीआरपी (इन्फेक्शन असलं की रक्तात वाढतो तो आकडा).

निळू:
हेपेटायटिस बी ची लस झालीये का बाबांची? डायलिसिसवाल्यांना दुप्पट डोस देतात, ४० मायक्रोग्रॅम, आमच्याकडे शून्य, एक, दोन आणि सहाव्या महिन्यात असे चार दिले. नंतर अँटिबॉडी तपासायची, १० च्या वर पाहिजे आणि दरवर्षी परत बघायची. बऱ्याच जणांचं हे राहून जातं.

पिंपळपान_७:
निळू, मुद्दा महत्त्वाचा आहे पण आधी ताप तर उतरू दे.

स्वच्छंदी:
माझ्या ओळखीत एकांना झाडपाल्याच्या रसाने खूप फरक पडला, प्रतिकारशक्ती वाढते आणि भूकही लागते. स्टारफ्रूटचा रस पण देतात म्हणे, तोंडाला चव येते. व्यनि केला तर पत्ता देते.

आहारवाली:
स्टारफ्रूट कृपया अजिबात नको!! किडनीच्या पेशंटमध्ये त्यातलं विष मेंदूवर जातं, उचकी थांबत नाही, गोंधळल्यासारखं होतं, झटके येतात, मृत्यूही झालेले आहेत. झाडपाल्याच्या रसात काय आहे ते माहीत नाही, पोटॅशियम किती तेही नाही. स्वच्छंदी, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण शक्य असेल तर तो प्रतिसाद संपादित करा, कुणीतरी वाचून खरंच देईल.

पाऊसवेडी:
फोन केला. लगेच बोलावून घेतलं. कल्चर आधी झालंच नव्हतं, आता कॅथेटरमधून आणि हातातून असं दोन्हीकडून रक्त घेतलंय, अँटिबायोटिक आता शिरेतून, पुढचे डोस मशीनवरच देणार म्हणाले. कॅथेटर काढायचा की बदलायचा ते रिपोर्ट आल्यावर. तिसरी_पाळी दादा, तुमचे खूप खूप आभार, आम्ही खरंच पुढच्या पाळीची वाट बघत बसलो असतो.

रिपोर्ट: पोटॅशियम ४.६, फॉस्फरस २.३, सीआरपी ९६. युरिया पण मागच्यापेक्षा कमी आलाय, आई म्हणते बघ, पथ्याचा उपयोग झाला. वजन तर तसंच आहे ५८, म्हणजे खाणं अगदीच कमी पडत नसेल ना? आणि पावडरचं कुणीच सांगितलं नाही.

आहारवाली:
हे रिपोर्ट बघून बरं नाही वाटत मला. डायलिसिसवरच्या माणसाचा फॉस्फरस २.३ आणि युरिया कमी, याचा अर्थ पथ्याचा उपयोग असा नाही, पोटात काही जातच नाहीये असा आहे. फॉस्फरसच्या गोळ्या जेवणासोबत चालू असतील तर त्या आत्ता लागतात का हे डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. अल्बुमिन २.८ सगळं खाण्यामुळे नाही, सीआरपी ९६ असताना यकृत अल्बुमिन बनवणंच कमी करतं, त्यामुळे नुसती अंडी वाढवून ते लगेच वर येणार नाही, इन्फेक्शन आटोक्यात आलं की हलायला लागेल. मध्येच परत तपासून निराश होऊ नका.

पावडर: किडनीसाठीच्या पावडरी दोन तऱ्हेच्या असतात, डायलिसिसच्या आधीची म्हणजे प्रोटीन कमी, आणि डायलिसिसवरची म्हणजे प्रोटीन जास्त. डबे एकसारखेच दिसतात, वरचं बारीक अक्षर वाचून घ्या, तुम्हाला दुसरी हवी. द्रवाच्या मर्यादेत बसवायची, म्हणून थोड्या पाण्यात दाट कालवून दिवसातून तीन-चार वेळा अर्धी अर्धी वाटी द्या. मोठा ग्लास समोर ठेवलात की ते तोंड फिरवतील. तोंडाला धातूसारखी चव येत असेल तर गरमपेक्षा गार किंवा कोमट पदार्थ जरा जास्त जातात.

टेकडीवरचा:
सीआरपीचं मला माहीत नव्हतं. बाबांना लवकर बरं वाटो. आहारवाली, माझ्यासाठी ०.६ ठीक की ०.८? वेगळा धागा काढू का?

आहारवाली:
काढा, तिथे लिहिते. अल्बुमिन आणि लघवीतल्या प्रोटीनचा रिपोर्ट टाका म्हणजे परत विचारावं लागणार नाही.

तिसरी_पाळी:
पाऊसवेडी, वजनाचं राहिलं. काटा ५८ दाखवतोय पण मांस झडलं असेल तर त्याच्या जागी पाणी साठलेलं असतं, काट्याला दोन्ही सारखंच. दंड आणि मांडी हाताने चाचपून बघा, बारीक झालेत का. पँट कमरेला सैल झाली का, पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो का, रात्री उताणं झोपलं की धाप लागते का, बीपी वर जातंय का? यातलं काही असेल तर पुढच्या पाळीला डॉक्टरांना ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, नव्याने ठरवायला सांगा. जुन्याच आकड्यावर मशीन लावत राहिले तर पाणी आतच राहतं, आणि आजारपणात हे हमखास मागे पडतं.

पाऊसवेडी:
पँट सैल झालीये, नाडी दोनदा आवळली. पायावर खड्डा पडतोय, मला वाटलं बसून बसून सूज असेल. उद्याच पाळी आहे, आधी ड्राय वेटचंच विचारते. कल्चरचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.