स्टोरेज खरेदीच्या तुलनात्मक तक्त्यात विक्रेत्याचा आयओपीएसचा आकडा धरावा का?

सातरस्ता (धागा सुरू करणारे):
सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात मी काम करतो. गाळप हंगाम सुरू होण्याआधी नवे स्टोरेज, म्हणजे सर्व्हरची माहिती साठवणारे यंत्र, बसवायचे असून तीन दरपत्रके आली आहेत. एका विक्रेत्याचा दावा ५ लाख आयओपीएसचा, म्हणजे सेकंदाला ५ लाख वाचन-लेखन क्रियांचा आहे. दुसऱ्याचा ३ लाखांचा. तिसऱ्याने आकडा न देता ‘अतिजलद’ एवढेच लिहिले आहे. या आकड्यासाठी तुलनात्मक तक्त्यात स्वतंत्र रकाना असावा, असा खरेदी समितीचा आग्रह आहे. माझे मत असे की, आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला हे ज्याने लिहून दिलेले नाही, त्याच्या आकड्याला तक्त्यात जागाच देऊ नये.

५ लाखांच्या दाव्याखालच्या बारीक टिपेत ४ केबीचा ब्लॉक (एका क्रियेत उचललेला तुकडा) आणि १०० टक्के वाचन असे लिहिले आहे. आमचा डेटाबेस ८ केबीच्या पानांनी चालतो आणि मोठे अहवाल काढताना त्याहून मोठे तुकडे एकदम उचलतो. ३२ केबीचा तुकडा धरला, तर ५ लाख क्रियांसाठी सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती वाहून न्यावी लागेल. प्रस्तावात मात्र सर्व्हरशी जोडणारे १६ गिगाबिटचे चारच फायबर चॅनेल पोर्ट आहेत आणि चारही मिळून त्यांची क्षमता सेकंदाला साडेसहा जीबीच्याही आत आहे. दावा खोटा नाही, पण अशा कामाला तो २ लाखांच्या अलीकडेच अडतो.

अक्कलकोटरोड:
मी असहमत आहे. रकाना रिकामा ठेवून समितीपुढे गेलात, तर निर्णय केवळ किमतीवर होईल आणि सर्वांत स्वस्त यंत्र आपल्या गळ्यात पडेल. आमच्या टॉवेलच्या धंद्यात जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन) धुण्याआधीचा की नंतरचा, हे ग्राहक खोदून विचारतो. पण म्हणून जीएसएम नकोच, असे कोणी म्हणत नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विश्वास नसेल, तर एसपीसी-१ सारख्या, स्टोरेजचा वेग मोजणाऱ्या त्रयस्थ चाचणीचा निकाल मागा. त्यात यंत्राची संपूर्ण मांडणी, प्रतिसादाचा वेळ आणि किंमतही जाहीर करावी लागते, आणि निकालाचे लेखापरीक्षण होते.

विजापूरवेस:
त्रयस्थ चाचणी उपयोगी आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. जानेवारी २००८ मध्ये नेटॲप या स्टोरेज कंपनीने स्वतःच्या यंत्रासोबत प्रतिस्पर्धी ईएमसीच्या सीएक्स३-४० या यंत्राचाही एसपीसी-१ निकाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्या यंत्राच्या मांडणीवरून बराच वाद झाला होता. नियम पाळूनही मांडणी कोण करतो, यावर निकाल हलतो. शिवाय निकाल ज्या मांडणीचा असतो, ती आपल्या दरपत्रकात क्वचितच असते. तिथे डिस्क दसपट असतात आणि आपल्याला मिळते सर्वांत लहान मॉडेल.

आणखी एक गोष्ट कोणीच विचारत नाही. स्टोरेजचे काम सांभाळणारे दोन्ही कंट्रोलर पूर्ण ताकदीने चालवून आकडा काढला असेल, तर एक बंद पडल्यावर उरते किती? तो आकडा लेखी मागा. उत्तर यायला आठवडा लागतो, हा माझा अनुभव.

सातरस्ता:
अक्कलकोटरोड, आपला जीएसएमचा मुद्दा मान्य; पण आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. पंधरवड्याच्या ऊसबिलाचा प्रोग्राम एकेक शेतकऱ्याची वजनपावती उचलतो, तोडणी-वाहतुकीची आणि सोसायटीची कपात लावतो, नोंद लिहितो आणि मगच पुढच्या पावतीकडे वळतो. एका वेळी एकच क्रिया स्टोरेजकडे जाते. तिला अर्धा मिलिसेकंद लागत असेल, तर सेकंदाला २,००० च्या वर क्रिया होऊच शकत नाहीत, मग यंत्र ५ लाखांचे असो वा ५० लाखांचे. एक मिलिसेकंदाच्या प्रतिसादाने ५ लाखांचा आकडा गाठायचा, तर एकाच क्षणी ५०० क्रिया रांगेत असाव्या लागतात, आणि आमच्या कारखान्यात एवढी गर्दी कधीच होत नाही. म्हणून रकाना हवाच असेल, तर तो कमी गर्दीतल्या प्रतिसादाच्या वेळेचा असावा आणि त्यात लेखनाचा वेळ वेगळा दाखवावा.

होटगीनाका:
मी विक्रीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. आमचे आकडे फुगवलेले असतात, ही तक्रार काही अंशी खरी आहे. परंतु ग्राहक स्वतः चाचणी घेतात तेव्हा काय होते, तेही ऐका. नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल यंत्रावर लिहितात. कॉम्प्रेशन (माहिती दाबून लहान करण्याची सोय) ती जवळजवळ गिळून टाकते आणि आमचे यंत्र विमानासारखे धावते. नव्या कोऱ्या, रिकाम्या फ्लॅश डिस्कवर दहा मिनिटे चाचणी घेतात. ती डिस्क भरून, पुन्हा पुन्हा लिहून स्थिरावल्यावर लेखनाचा वेग किती उतरतो, ते पाहायला कोणी थांबत नाही. किंवा चाचणीचा डेटा इतका लहान घेतात की तो सगळा कॅशमध्येच, म्हणजे यंत्राच्या जलद तात्पुरत्या मेमरीतच मावतो. अशा चाचणीपेक्षा आमचे माहितीपत्रक बरे, निदान त्याखाली अटी छापलेल्या असतात. शिवाय लहान ऑर्डरसाठी महिनाभर यंत्र फुकट वापरायला देणे आम्हाला परवडत नाही.

विजापूरवेस:
महिनाभर यंत्र देऊ नका, पण मग दावा करारात लिहून द्या. मागच्या हंगामातल्या बिलाच्या डेटाची प्रत नव्या यंत्रावर घालून तोच प्रोग्राम चालवावा, ठरलेल्या वेळेत तो पूर्ण झाला नाही तर शेवटचा हप्ता रोखावा, अशी अट निविदेत असली पाहिजे.

होटगीनाका:
या अटीवर मी सही करणार नाही. बिल उशिरा निघाले तर दोष स्टोरेजचा, सर्व्हरचा की वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामचा, हे ठरवणार कोण? स्टोरेजच्या पोर्टवर मोजलेल्या प्रतिसादाची हमी मागा, ती देतो.

अक्कलकोटरोड:
हे मला पटते. फक्त ते मोजमाप विक्रेत्याच्या पडद्यावरून घेऊ नका. सर्व्हरच्या बाजूनेही त्याच वेळी नोंद ठेवा आणि दोन्हींत फरक आला तर कोणती नोंद ग्राह्य धरायची, हे समितीच्या निर्णयाआधी ठरवा. सातरस्ता, आपल्या समितीला एवढा वेळ आहे का?

सातरस्ता:
गव्हाणपूजनाआधी यंत्र हवे आहे, त्यामुळे वेळ कमीच आहे. पोर्टवरच्या हमीची अट तिन्ही विक्रेत्यांना पत्राने कळवतो. सर्व्हरच्या नोंदीचा मुद्दा समितीपुढे मांडतो. ५ लाखांचा रकाना मात्र मी तक्त्यातून काढणारच.